सगळ्यांसोबतचं ‘मी’ आणि एकटीचं ‘मी’

वाचकाचं पत्र :

माझं माहेर नगरचं, सासर वसईचं. माहेर पिढ्यान्‌पिढ्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतलं. दोन वर्षांपूर्वी बिशपांची परवानगी घेऊन आमचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये लागलं. तेव्हा मला कोणीही कॅथलिक हो म्हटलं नाही, आणि आजही म्हणत नाही. आता माझ्या मनानं घेतलं आहे. वर्षभर मी फादरांकडे शिकायला जाते. पुढच्या महिन्यात रविवारच्या मोठ्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मला कॅथलिक ख्रिस्तसभेत सामावून घेण्याचा विधी आहे. फादर म्हणाले, ‘विश्वासांगीकार (क्रीड, श्रद्धेची ठरलेली कबुली) सगळ्यांबरोबर म्हणायचा आणि मग एक वाक्य तू एकटीनं, माइकवर.’ चारचौघांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाजच जातो. सगळे विश्वासांगीकार म्हणतातच आहेत, मग एकटीचं वाक्य कशाला? तेही सगळ्यांनी मिळून म्हटलं तर? किंवा आमच्या मंडळीत देतात तशी साक्ष मी माझ्या शब्दांत दिली तर? शिवाय त्या वाक्यात ‘ख्रिस्तसभा शिकवते ते सर्व’ असं आहे. सगळं मला अजून उमगलेलं नाही, मग ते म्हणणं खोटं ठरेल का? आई तर म्हणते, ‘तू आम्हाला नाकारायला निघालीस.’ सोळाव्या वर्षी आमच्या बिशपांनी मला दृढीकरण (कन्फर्मेशन) दिलं होतं, तेही पुन्हा घ्यावं लागेल म्हणतात. काय करू?

— एक वाचक, वसई

ताई,

‘सगळे म्हणतातच आहेत, मग एकटीचं कशाला?’ हा तुमचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

आधी त्या दिवशीचा क्रम डोळ्यांसमोर आणा. वाचनं होतील, शुभवर्तमान होईल, प्रवचन होईल. मग फादर तुमचं नाव घेऊन तुम्हाला पुढे बोलावतील. तुम्ही स्वेच्छेनं आणि नीट विचार करून हे मागितलं आहे, हे ते सगळ्यांसमोर सांगतील. ‘स्वेच्छेनं’ हा शब्द विधीत मुद्दाम आहे. लग्नासाठी म्हणून कोणी आलेलं नाही ना, सासरच्या दबावानं आलेलं नाही ना, याची ती जाहीर खूणगाठ आहे. पुस्तकात जिला स्पॉन्सर म्हटलं आहे आणि आपल्याकडे सरळ गॉडमदर म्हणतात, ती तुमच्याबरोबर पुढे येईल. सगळे उभे राहतील आणि नायसियाचा विश्वासांगीकार तुम्ही सगळ्यांबरोबर म्हणाल. एरवी रविवार किंवा सण नसलेल्या साध्या दिवसाच्या मिस्सेत तो नसतो, पण या विधीच्या मिस्सेत वार कोणताही असो, तो असतोच. तो संपला की सगळे गप्प होतील आणि ते एक वाक्य तुम्ही म्हणाल. त्याचा आशय असा : पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभा जे जे देवानं प्रकट केलेलं म्हणून मानते, शिकवते आणि घोषित करते, त्या सर्वांवर माझा विश्वास आहे आणि ते मी अंगीकारते. नेमके मराठी शब्द फादरांच्या विधिपुस्तकातूनच उतरवून घ्या, पाठांतर त्याचंच करा.

विधीतली तुमची एकटीची घोषणा एवढीच आहे, एक वाक्य. दहा-बारा सेकंदांत संपतं.

आता क्रमाकडे बघा. आधी सगळ्यांबरोबर, मग एकटीनं. हे उलटं नाही आणि ते तसं का, हे कळलं की भीती बरीचशी उतरेल. विश्वासांगीकारात जे आहे ते तुम्ही लहानपणापासून मानत आला आहात. एक देव, पिता. येशू ख्रिस्त, कुमारिकेपासून जन्मलेला, क्रूसावर मेलेला, उठलेला. पवित्र आत्मा, मृतांचं पुनरुत्थान. नगरच्या तुमच्या मंडळीत आणि वसईच्या चर्चमध्ये हे सारखंच आहे. म्हणून तो भाग तुम्ही त्यांच्यासोबत म्हणता. तिथे तुम्ही परीक्षेला बसलेल्या नाही, तिथे तुम्ही आधीपासूनच घरातल्या आहात. नवीन आहे ते फक्त त्या पुढच्या वाक्यात. आणि ते इतरांना लागू नाही, कारण त्यांना त्या दिवशी कोणी सामावून घेत नाहीये. मुंबईत शपथविधी असतो तेव्हा ‘जन गण मन’ला सगळा मंडप उभा राहतो, पण ‘मी… ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ हे त्या एकाच माणसाला म्हणावं लागतं. सगळ्या मंडपानं ते म्हटलं तर शपथ कोणाची झाली, हेच कळणार नाही. तुमचं वाक्य सगळ्यांनी म्हणायचं नाही, ते याच कारणासाठी.

पण म्हणून सगळ्यांबरोबरचा विश्वासांगीकार म्हणजे गर्दीचं काम आणि एकटीचं वाक्य तेवढं खरं, असंही समजू नका. ही चूक फार जण करतात, जन्मानं कॅथलिक असलेलेही. शाळेतली प्रतिज्ञा आठवा. सगळी शाळा एका सुरात म्हणते, पण म्हणते काय? ‘भारत माझा देश आहे.’ आपला नाही, आमचा नाही, माझा. हजार मुलांच्या तोंडी एकाच वेळी ‘माझा’ असतं, आणि त्यातलं प्रत्येक ‘माझा’ ज्याचं त्याचं असतं. मिस्सेतला विश्वासांगीकार तसाच आहे. चर्चभर माणसं मिळून ‘मी’ म्हणतात. मराठीनं त्याला शब्दही नेमका दिला आहे, अंगीकार. अंगी लावून घेणं. ते माझ्या वतीनं शेजारची करू शकत नाही. पण जे अंगी लावून घ्यायचं ते मी घरी बसून शिवलेलं नसतं, ते मला दिलेलं असतं.

या ‘मी’ला आणि ‘आम्ही’ला इतिहास आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. सुरुवातीच्या शतकांत विश्वासाची कबुली ही बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळची गोष्ट होती. पित्यावर विश्वास ठेवतोस का? ठेवतो. मग पाण्याखाली. पुत्रावर? ठेवतो. पुन्हा पाण्याखाली. तिसऱ्यांदा पवित्र आत्म्याबद्दल. प्रत्येकाला वेगळं विचारलं जायचं आणि उत्तर एकवचनीच असायचं. पुढे ३२५ साली नायसियाला बिशप जमले. आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. त्याला उत्तर देताना बिशपांनी लिहिलं, ‘आम्ही विश्वास ठेवतो’. ते अनेकवचन साहजिक होतं, कारण तो परिषदेचा निर्णय होता. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेलं त्याचं भरीव रूप आलं, आणि आज रविवारी आपण म्हणतो ते तेच. ते उपासनेत शिरलं तेव्हा ग्रीक आणि लॅटिन दोन्हीत ‘आम्ही’चं पुन्हा ‘मी’ झालं. स्पेनच्या जुन्या मोझाराबिक उपासनेनं मात्र ‘आम्ही’च ठेवलं. इंग्रजी मिस्सेत काही दशकं ‘आम्ही’ होतं, तेही २०११ च्या आगमनकाळापासून अनेक देशांत बदलून ‘मी’ झालं. सासरच्या कोणा थोरल्यांनी तुम्हाला ‘पूर्वी इंग्रजीत वेगळं होतं’ असं सांगितलं तर ते बरोबर सांगतात. दोन्ही रूपं ख्रिस्तसभेचीच आहेत. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. ‘मी विश्वास ठेवतो’ ही ख्रिस्तसभेचीच श्रद्धा, प्रत्येकानं स्वतः, मुख्यतः बाप्तिस्म्याच्या वेळी कबूल केलेली. ‘आम्ही विश्वास ठेवतो’ ही तीच श्रद्धा, परिषदेतल्या बिशपांनी किंवा उपासनेला जमलेल्या समुदायानं कबूल केलेली.

आणि एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. पश्चिमेकडच्या मिस्सेत विश्वासांगीकार आला तोच मुळी एका सामावून घेण्याच्या प्रसंगातून. स्पेनमधले व्हिसिगॉथ लोक आरियसच्या मताचे होते. त्यांचा राजा रेकारेद कॅथलिक झाला आणि ५८९ मध्ये तोलेदोच्या तिसऱ्या परिषदेत त्यानं आपली श्रद्धा जाहीर केली, राणीसह खाली सह्या केल्या. त्याच परिषदेनं ठरवलं की यापुढे प्रत्येक चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेआधी सगळ्यांनी मोठ्यानं विश्वासांगीकार म्हणायचा, म्हणजे ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला जाताना मनं श्रद्धेनं शुद्ध झालेली असतील. म्हणजे एकानं एकट्यानं म्हटलं आणि त्यापाठोपाठ सगळ्या लोकांच्या तोंडी ते आलं. खुद्द रोममध्ये ते मिस्सेत यायला १०१४ साल उजाडलं. तुमच्या विधीत एकटीचं आणि सगळ्यांचं शेजारी शेजारी येतं, ते काही आजकाल कोणी जुळवलेलं नाही.

आता आवाजाबद्दल. तुमच्यासारखी अडचण पूर्वीही होती. संत ऑगस्टीन यांनी व्हिक्टोरिनसची हकीकत लिहून ठेवली आहे. चौथ्या शतकात रोममध्ये बाप्तिस्मा घेणारे ठरावीक शब्द पाठ करून, उंचावर उभं राहून, सगळ्या भाविकांसमोर म्हणत. ज्यांना लाजेनं बोलता येणार नाही अशांना धर्मगुरू ते खाजगीत म्हणायची मुभा देत. व्हिक्टोरिनस मोठा विद्वान, शहरात त्याचा पुतळा होता. त्यालाही ही मुभा देऊ केली. त्यानं नाकारली आणि चढून सगळ्यांसमोर म्हटलं. खाली लोक त्याचं नाव कुजबुजत होते. आपण बहुधा व्हिक्टोरिनसचं धैर्य लक्षात ठेवतो. तुम्ही त्या मुभेकडे बघा. लाजणाऱ्यांसाठी वाट तेव्हाही होती.

आजही आहे. विधीच्या सूचनांतच म्हटलं आहे की बरेचदा मोजके नातेवाईक आणि मित्र एवढ्यांसोबतच मिस्सा करणं बरं, आणि विधी कोणत्या रूपात व्हावा हे ज्याला सामावून घ्यायचं त्यालाही विचारावं. म्हणजे रविवारची मोठी मिस्साच पाहिजे, असं बंधन नाही. फादरांना स्पष्ट सांगा, ‘मला संध्याकाळच्या छोट्या मिस्सेत जमेल.’ साध्या दिवशी ख्रिस्ती ऐक्यासाठीची मिस्साही घेता येते, जर त्या दिवशी दुसरा मोठा सण नसेल. पण अगदी खाजगीत, फादरांच्या खोलीत दार लावून, असं मात्र मागू नका. वीस माणसं असोत की पाचशे, पण कोणीतरी असावं. तुम्ही ज्यांच्यात येणार त्यांनी तुमचा आवाज ऐकायला हवा आणि तुम्ही त्यांचा.

रविवारच्या मोठ्या मिस्सेतच करायचं ठरलं, तर पुढचं नीट वाचा. बिघडतं ते इथेच.

पहिलं, माइक. विश्वासांगीकार चालू असताना तुमच्या हातातला माइक बंद हवा. तो चालू राहिला तर तुमचा एकटीचा आवाज सगळ्या चर्चवर पसरतो, लोक आपोआप गप्प होत जातात आणि सगळ्यांचा अंगीकार तुमच्या एकटीचा होऊन बसतो. गायकवृंदाच्या किंवा निवेदकाच्या माइकलाही हेच लागू आहे, हे फादरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. एका माइकनं पुढे पळत सुटायचं आणि मागच्या बाकांनी पुटपुटायचं, ही खोड अनेक चर्चमध्ये आहे. माइक गॉडमदरच्या हाती द्या. विश्वासांगीकार संपून सगळे ‘आमेन’ म्हणाले की तिनं बटण दाबावं, दोन सेकंद थांबावं आणि माइक तुमच्या हनुवटीखाली चार बोटांवर धरावा. अगदी ओठांना लावला तर ‘प’ आणि ‘भ’ फुटतात. तुमचे दोन्ही हात मोकळे राहिले की थरथरही कमी होते.

दुसरं, कागद. फोनवरून वाचू नका, पडदा नेमका तेव्हाच काळा होतो. जाड कार्डावर, वहीच्या अक्षराच्या दुप्पट आकारात वाक्य लिहा आणि श्वासाच्या जागी ओळ तोडा. एक ओळ ‘मानते, शिकवते आणि घोषित करते’ इथे संपवा, दुसरी ‘सर्वांवर माझा विश्वास आहे’ इथे, आणि मग शेवट. तीन श्वास. त्याच कार्डाच्या मागे अख्खा विश्वासांगीकार छापून घ्या. तुम्हाला तो पाठ आहे, पण तुमच्या मंडळीतल्या शब्दांत. जिथे तुमच्या तोंडी ‘मंडळी’ येतं तिथे वसईचे लोक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतील. अशा एका शब्दावर जीभ अडखळली की पुढची ओळ निसटते, आणि मग माणूस घाबरतो ते विनाकारण. शिवाय तुम्हाला प्रेषितांचा विश्वासांगीकार जास्त सवयीचा असेल तर हा नायसियाचा लांब आहे, हे लक्षात ठेवा. आठवडाभर रोज दोनदा मोठ्यानं वाचा.

तिसरं, वाकणं. पवित्र आत्म्याच्या योगे कुमारी मरियेपासून देह धारण करून तो मनुष्य झाला, या अर्थाच्या ओळीला सगळे कमरेतून वाकतात. नुसती मान नाही. नाताळच्या मिस्सेत आणि २५ मार्चच्या देवदूताच्या निरोपाच्या सणाला तर त्या जागी गुडघा टेकतात. तुम्हाला ही सवय नसणार. आधीच्या रविवारी मागे उभं राहून दोन-तीनदा करून बघा, म्हणजे त्या दिवशी पुढे उभं असताना तुम्ही एकट्याच ताठ राहणार नाही.

चौथं, तालीम. रिकाम्या चर्चमध्ये, माइक लावून, त्याच जागी उभं राहून दोनदा. घरी आरशासमोर करण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण चर्चमधला घुमणारा आवाज ऐकून माणूस दचकतो ते तिथेच दचकून घ्यायला हवं.

आणि एवढं करूनही आवाज गेलाच, तर फादर किंवा गॉडमदर एकेक तुकडा हळू सांगतील, तुम्ही मागून म्हणा. तरी ती घोषणा तुमचीच. लग्नातही वचनं अशीच तुकड्यातुकड्यानं म्हणवून घेतात, त्यानं लग्न उणं होत नाही. पण एक करू नका. फादरांनी सगळं वाक्य वाचायचं आणि तुम्ही फक्त मान हलवायची, असं नको. घाई असली की असं सुचवलं जातं. ‘मला एवढं वाक्य म्हणू द्या’ असं निःसंकोच सांगा.

तुमच्या शब्दांत साक्ष द्यायची का? साक्षीची सवय ही तुमच्या मंडळीची मोठी शिदोरी आहे, ती टाकू नका. पण तिची जागा इथे नाही. या क्षणी तुम्हाला काय वाटतं हे तुम्ही सांगत नाही, तुम्ही कशात सामील होता आहात ते सांगता. माझे शब्द माझ्या मनःस्थितीबरोबर बदलतात, आज भरून येतं, उद्या कोरडं वाटतं. ठरावीक शब्द कोरड्या दिवशीही तेवढेच खरे असतात. साक्ष मिस्सेनंतर हॉलमध्ये, चहाच्या वेळी, सावकाश बसून द्या. मिस्सेतच द्यावी असं फादरांना खास कारणानं वाटलं, तर ख्रिस्तशरीर स्वीकारानंतरची प्रार्थना झाल्यावर थोडक्यात देता येते. प्रवचनाच्या किंवा विश्वासांगीकाराच्या जागी कधीच नाही.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न, ‘सर्व’ या शब्दाचा. तुम्ही हा विचारलात यावरूनच तुम्ही हे वाक्य हलक्यात घेत नाही, हे दिसतं. ‘सर्व समजलं’ असं ते वाक्य म्हणत नाही. ‘जे देवानं प्रकट केलेलं म्हणून ख्रिस्तसभा शिकवते, त्या सर्वांवर विश्वास’ असं म्हणते. फरक लहान नाही. चर्चची जमीन-जुमल्याची कामं, एखाद्या बिशपांचं राजकीय मत, गावच्या सणातल्या प्रथा, कोणाला दर्शन झाल्याच्या कथा, हे त्या ‘सर्व’मध्ये बसत नाही. मरियेचं स्वर्गोन्नयन बसतं. शुद्धिस्थान बसतं. मिस्सेतली भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, हे तर अगदी मधोमध बसतं. या यादीतलं काही तुम्हाला अवघड जात असेल, अजून मनात रुजलं नसेल, तर तो प्रामाणिक माणसाचा प्रवास आहे. मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या बापानं एका दमात दोन्ही म्हटलं, विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. संत थॉमस अक्विनास यांनी तर हाच प्रश्न विचारात घेतला होता : ज्याची श्रद्धा अजून पुरी घडलेली नाही त्यानं ‘मी विश्वास ठेवतो’ कसं म्हणावं? त्यांचं उत्तर असं, की विश्वासांगीकार हा जणू साऱ्या ख्रिस्तसभेच्या मुखातून म्हटला जातो. तुमची श्रद्धा जिथे तोकडी पडते तिथे तिची पूर्ण श्रद्धा उभी असते. म्हणूनच मी म्हणाले, आधी सगळ्यांबरोबर.

पण एखादी गोष्ट तुम्हाला समजून-उमजूनही खोटी वाटत असेल, ‘हे मी मानणार नाही’ असं मनाशी पक्कं असेल, तर ती अडचण वेगळी आहे. मग ते वाक्य म्हणू नका. तारीख पुढे ढकला. फादरांना नेमकी गोष्ट सांगा, आडपडदा न ठेवता. तुमचं लग्न वैध आहे, तुमचा बाप्तिस्मा खरा आहे, सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी काहीही बिघडत नाही. निमंत्रणं गेली आहेत म्हणून देवापुढे मन नसलेलं वाक्य म्हणणं, हे मात्र बिघडणं आहे.

आईंचं. त्यांना आधी एक सांगा, विधीत त्यांच्या मंडळीविरुद्ध एक शब्दही तुम्हाला म्हणावा लागत नाही. पूर्वी अशा वेळी आधीच्या मताचा त्याग जाहीर करायला लावत. १९७२ साली नव्यानं आलेल्या विधीत ते काढून टाकलं. त्याच विधीच्या सूचनांत लिहिलं आहे की आवश्यक तेवढ्याहून जास्त भार कोणावर टाकू नये आणि विजयोत्सवाचा लवलेशही दिसू नये. म्हणून ‘आपल्यात आली’ म्हणून बँड, फटाके, मोठा फलक असलं काही सासरकडून ठरत असेल तर नवऱ्याला सांगून आत्ताच थांबवा. कितीही वर्षांनंतर सुद्धा आईंच्या मनात ते राहील.

आणि तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा मानते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा बाळ बोलू शकत नाही. ‘विश्वास ठेवता का?’ याची उत्तरं आईवडील आपल्या तोंडानं देतात आणि त्या श्रद्धेत बाळाला पाण्याला लावतात. तुमच्यासाठी तेव्हा मंडळीसमोर उभ्या राहिल्या त्या तुमच्या आई. पुढच्या महिन्यात तुम्ही उभ्या राहणार ते त्याच पाण्याच्या जोरावर. त्यांची ती कबुली कोणी पुसत नाही, उलट तिच्याशिवाय तुम्हाला पुढे बोलावताच आलं नसतं. हे त्यांना फोनवर सांगू नका, नगरला जाऊन त्यांच्याजवळ बसून सांगा.

दृढीकरणाचं मात्र गोड करून सांगता येणार नाही. ते तुम्हाला घ्यावं लागेल, बहुधा त्याच विधीत, लगेच. सीएनआयच्या बिशपांचा अभिषेक कॅथलिक ख्रिस्तसभा संस्कार म्हणून वैध मानत नाही, त्यामुळे त्यांनी दिलेलं दृढीकरणही संस्कार म्हणून धरलं जात नाही. सोळाव्या वर्षी तुम्ही जे मनापासून म्हणालात ते देवानं ऐकलं नाही, असा याचा अर्थ नाही. पण वेदना होते, आणि ती आईंना तुमच्यापेक्षा जास्त होईल. याची कल्पना त्यांना आधी द्या, तिथे बाकावर बसल्यावर कळायला नको. त्यासाठी बिशपांची वाट पाहावी लागत नाही. तुम्हाला सामावून घेणाऱ्या धर्मगुरूंना तो अधिकार असतो. दृढीकरण लगेच असलं तर त्याआधीच्या स्वीकाराच्या शब्दांच्या वेळी डोक्यावर हात ठेवणं गाळतात, म्हणून ‘हात का ठेवला नाही?’ असं वाटून घेऊ नका. कपाळावर तेल लागेल ते पुसायची घाई करू नका.

आईंना पुढच्या बाकावर बसवा. ख्रिस्तशरीराच्या वेळी त्यांनी पुढे यायचं नाही, हेही आदल्या दिवशीच, कोणीतरी घरच्यानं हळुवार सांगावं. ऐन वेळी रांगेत कोणी थांबवलं तर तो घाव भरत नाही. त्यांच्याकडून एखादं वाचन व्हावं असं मनात असेल तर आताच फादरांना विचारा. कॅथलिक नसलेल्या व्यक्तीला मिस्सेत वाचन द्यायला बिशपांची परवानगी लागते आणि ती अपवाद म्हणूनच मिळते. शांतीचिन्हाच्या वेळी मात्र कोणाची परवानगी लागत नाही. तेव्हा आधी त्यांच्याकडे जा.

राहिली कागदपत्रं. नगरच्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला आणा, त्यावर तारीख, ठिकाण आणि पाळकांची सही हवी. तो जुना रजिस्टरमधून शोधून काढायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच कळवा. धर्मग्रामाच्या वेगळ्या वहीत तुमच्या नावासोबत तीच तारीख आणि तेच ठिकाण नोंदवतात. विधीआधी एक-दोन दिवस पापनिवेदन करून घ्या, आणि फादरांना सुरुवातीलाच सांगा की तुम्हाला आता सामावून घेणार आहेत, हे पहिलंच पापनिवेदन आहे. मिस्सेत तुम्हाला ख्रिस्तशरीर आणि ख्रिस्तरक्त दोन्ही देता येतं, तुमच्या पतीला आणि गॉडमदरलाही. त्यासाठी प्याला भरायचा असतो, म्हणून तीन माणसांची संख्या आदल्या दिवशी सॅक्रिस्टीत (मिस्सेची तयारी होते त्या खोलीत) कळवून ठेवा.